ट्रंकेत सापडलेलं शाईपेन परत लिहितं कसं करायचं

दिवाळीच्या आधी माळा आवरायचं काम माझ्याकडे आलं आणि आप्पांची लोखंडी ट्रंक खाली उतरली. आप्पा म्हणजे माझे आजोबा, अमळनेर तालुक्यात प्राथमिक शाळेत गुर्जी होते. ट्रंकेत पगाराच्या पावत्या, दोन पंचांगं, एक धोतर आणि चष्म्याच्या डबीत तीन शाईपेनं. एक काळं जाडजूड ड्रॉपरने भरायचं, एक हिरव्या संगमरवरी रंगाचं ज्याच्या अंगावर छोटी पितळी दांडी असते ते, आणि एक चायनीज हिरो. तिन्ही लिहीत नव्हती. आज तिन्ही लिहितात, पण त्यातल्या काळ्या पेनचा रंग मी माझ्या हाताने घालवला, आणि हे सगळं लिहायचं मूळ कारण तेच आहे, तुमचं तसं होऊ नये.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जुनं शाईपेन सहसा बिघडलेलं नसतं, वाळलेलं असतं. वीस-तीस वर्षांपूर्वी कोणीतरी शाई भरून टोपण लावून ठेवलं, पाणी उडालं आणि रंग आत दगडासारखा बसला. त्याला पाणी पाजायचं आणि थांबायचं, एवढंच बहुतेक काम. पेनं मोडतात ती आपण उघडायची घाई करतो म्हणून.

हातात काय आहे ते ओळखा, धुणं नंतर

पेनचं अंग कशाचं आहे हे कळल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. अंगठ्याने दहा-पंधरा सेकंद जोरात घासा आणि वास घ्या. जळक्या रबराचा, गंधकाचा वास आला तर एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड, त्यात खरंच कापूर असतो. काहीच वास नाही तर बहुतेक साधं प्लास्टिक. हे महत्त्वाचं अशासाठी की एबोनाइटला गरम पाणी चालत नाही, सेल्युलॉइडला स्पिरिट, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही आणि विस्तव तर अजिबात नाही, ते भडकन पेट घेतं. केसीन नावाचा दुधापासून केलेला एक प्रकारही असतो, तो पाण्यात फुगतो, पण आपल्याकडच्या ट्रंकेत तो निघण्याची शक्यता कमीच.

मग शाई कुठून भरायची ते बघा. मागचा भाग आट्यांनी उघडतो आणि आत रिकामी नळी, तर ड्रॉपरवालं, नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, यात बिघडायला काही नसतं. अंगावर दांडी असेल तर लिव्हर फिलर, आत रबराची पिशवी असते, दांडी उचलली की एक पट्टी ती पिशवी दाबते. अमेरिकेत शेफरने ही दांडी 1908 मध्ये पेटंट केली आणि मग जगभर सगळ्यांनी तीच उचलली, आपल्याकडच्या कारखान्यांनी पण. उघडल्यावर धातूच्या कवचात दाबायची पिशवी दिसली तर हिरो किंवा पार्कर 51 सारखं. पार्कर 51 बाजारात आलं 1941 ला, निब जवळजवळ झाकलेली, आणि हिरोच्या कितीतरी मॉडेलनी ती ढब तशीच्या तशी घेतली. म्हणून झाकलेली निब दिसली की लगेच पार्कर सापडलं म्हणून नाचू नका, आधी क्लिपवरचा बाण आणि टोपणावरची अक्षरं भिंगाखाली वाचा. मी नाचलो होतो.

काळी जाडजूड ड्रॉपरवाली पेनं देशीच जास्त सापडतात. राजमहेंद्रीचं रत्नम पेन वर्क्स असली एबोनाइटची पेनं लेथवर हाताने बनवायचं, 1935 साली गांधीजींनी त्यांच्या पेनबद्दल पत्र लिहिलं होतं. अर्थात तुमच्या आजोबांचं तेच असेल असं नाही, कोणत्याही काळ्या पेनला रत्नम म्हणून विकायची पद्धत पडलीय सध्या.

सामान

महागाचं काही लागत नाही. मेडिकलमधून कान धुवायची रबरी पिचकारी, ती टोकाची नाही तर फुगा दाबायचीवाली. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग, दहापट असेल तर बरं. मऊ टूथब्रश. सायकलच्या दुकानातून फाटक्या ट्यूबचे दोन तुकडे, फुकट मिळतात, पेन घट्ट धरायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पक्कड घराबाहेर ठेवा, सिरीयसली. टाल्कम पावडर. आणि पिशवी बदलायची वेळ आली तर चपडी लाख, सुतार फ्रेंच पॉलिशला स्पिरिटमध्ये विरघळवतात ती, पन्नास ग्रॅम पुष्कळ झाली. फेविक्विक, अरल्डाइट वगैरेचं नाव काढू नका, पुढच्या माणसाला ते कधीच उघडता येणार नाही, आणि पुढचा माणूस तुम्हीच असता.

आणि पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी कसलं जड आहे ते बादलीच्या काठावर पांढरा थर बघून माहितीय सगळ्यांना. तोच थर शाईच्या केसाएवढ्या वाटेत बसला तर मग कितीही धुवा. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, पाच लिटरचा कॅन आणला की वर्षभर पुरतो. फक्त दुकानात नीट सांगा की ॲसिड नको, नुसतं पाणी पाहिजे. आरओचं पाणी पण चालेल.

धुणं, म्हणजे अर्धं काम

आता माझी चूक सांगतो. पहिलं पेन काढलं ते दिवाळीत, पण हात लावला मे महिन्यात सुट्टीत. दुपारी दोनला मोरीतला नळ सोडला, गच्चीवरच्या टाकीचं पाणी, मे महिन्यात आपल्याकडे ते कसं येतं सांगायला नको, हात भाजतो. मला वाटलं वा, कोमट पाणी आयतंच मिळालं, शाई पटकन सुटेल. काळं पेन अख्खं वाटीत बुडवलं आणि जेवून झोपलो. चारला उठून बघतो तर पेन जुन्या गुळाच्या ढेपेच्या रंगाचं. आजी मागे उभी, म्हणे "काय करी ऱ्हायना रे तू?" मी म्हटलं धुतोय. ती काही बोलली नाही, पेन हातात घेतलं, पदराला पुसलं, परत वाटीत ठेवलं. ते न बोलणं मला जास्त लागलं.

झालं काय की एबोनाइटवर उजेडाने आणि दमटपणाने वर्षानुवर्षं पृष्ठभागावरचं गंधक सुटत असतं, वरून काळं दिसलं तरी कातडी आतून बिघडलेली असते, गरम पाणी मिळालं की ती एकदम तपकिरी, हिरवट दिसायला लागते. तो रंग आत गेला नाही, वरचाच आहे, पण काढायचा तर घासून काढावा लागतो आणि घासलं की अंगावरची नक्षी जाते. आप्पांच्या पेनवर जत्रेत कोरून घेतलेलं नाव आहे, म्हणून मी घासलं नाही. तपकिरीच राहू दिलं.

तर पद्धत अशी. वाटीत साधं, गार डिस्टिल्ड पाणी, फक्त निब बुडेल एवढं, बोटाच्या एका पेराएवढं. पेन उभं टेकवा, निब खाली. पांढरी चिनीमातीची वाटी किंवा कप घ्या, स्टीलची नको, कारण रंग दिसायला पाहिजे. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही. मग निबच्या टोकापासून एक बारीक निळी दोरी खाली उतरते, तळाला जाऊन पसरते, आणि ती दोरी तुटत नाही. चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी भरलेली शाई ती. आमच्या काळ्या पेनमधून निळी नाही, जांभळट निघाली आणि तळाला बारीक गाळ, आजी म्हणाली की आप्पा शाईच्या टिकड्या आणून पाण्यात विरघळवायचे, बाटलीतली शाई परवडायची नाही. आपल्या कॅम्लिनवाल्या दांडेकर बंधूंनी पण 1931 ला सुरुवात केली ती घोडा छाप शाईच्या पुड्या आणि टिकड्यांनीच, उंट नंतर आला. टिकडीच्या शाईत गाळ राहतोच, अशा पेनला जास्त दिवस लागतात.

पाणी दर सहा-आठ तासांनी बदला. दोन दिवसांनी पिचकारी मागच्या तोंडाला लावून हळू दाबा, पाणी निबमधून बाहेर येईपर्यंत. लिव्हरवाल्यात अजून पिचकारी नको आणि दांडी तर उचलूच नका, आत पिशवी कडक होऊन बिस्किटासारखी झालेली असते, जोर लावला तर दांडी तुटते. हट्टी शाईला दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, तासभर, मग साध्या पाण्याने भरपूर धुणं. खिडकी उघडी ठेवा, ब्लीचिंगसोबत कधीही मिसळू नका, आणि आत ॲल्युमिनियमचा भाग दिसत असेल तर अमोनिया वापरूच नका. माझ्या अनुभवात दहातल्या आठ पेनांना याची गरज पडत नाही, फक्त माणसाला तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

ड्रॉपरवालं असेल तर एवढ्यावर काम झालं. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा, शुद्ध सिलिकॉनवालं, घड्याळजीकडे चिमूटभर मिळतं. व्हॅसलिन नको, पेट्रोलियममुळे रबर सडतं.

उघडणं

लिव्हरवाल्याला उघडावंच लागतं. पुढचा भाग जिथे बोटं धरतात, इंग्रजीत सेक्शन, मी मान म्हणतो, ती मान नळीत दाबून बसवलेली असते, लाखेने चिकटवलेली. ती सुटते उष्णतेने, पण कोरड्या आणि थोड्या. हेअर ड्रायर मध्यम गरमवर, वीतभर लांब, पेन सतत फिरवत राहायचं, वीस सेकंद, मग जोड गालाला लावून बघायचा. गालाला ऊब लागली पाहिजे, चटका बसला तर जास्त झालं. सेल्युलॉइड साठ-सत्तर डिग्रीला मऊ पडून वाकतं, म्हणून गॅसवर, मेणबत्तीवर, आणि मे महिन्यात गच्चीच्या कठड्यावर ठेवून गरम करायचे प्रयोग करू नका.

मग दोन्ही हातात ट्यूबचे तुकडे, आणि हलकंसं इकडे-तिकडे. ओढायचं नाही, मुरगळायचंही नाही, नुसतं डोलवायचं. नाही हललं तर परत ड्रायर. परत नाही, तर बाजूला ठेवून उद्या. आप्पांच्या हिरव्या पेनला मला नऊ संध्याकाळी लागल्या, नवव्या दिवशी कुट्ट असा बारीक आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा आला, वाटलं तडा गेला, पण ती लाख सुटल्याचा आवाज होता. काही मानांना आटे असतात, त्या डोलवून निघत नाहीत, म्हणून आधी जोडाच्या फटीत भिंगाने बघा.

हिरो आणि पार्करची कवचातली पारदर्शक पिशवी बहुतेक वेळा अजून चांगली असते, पार्करने 1948 नंतर ती प्लास्टिकची केली, रबरासारखी सडत नाही. तिथे पाणी ओढून सोडा, वीस-तीस वेळा, खोलायच्या भानगडीत पडू नका. पार्करचं त्याच्या आधीचं व्हॅक्युमॅटिक, म्हणजे मागची कळ दाबून शाई भरायचं, हातात आलं तर पहिल्या पेनला तर अजिबात नाही, त्याला खास पाना लागतो, जाणकाराकडे द्या.

पिशवी

मान निघाली की जुनी पिशवी नळीतून चुरा होऊन पडेल किंवा डांबरासारखी चिकटलेली असेल. चिमट्याने, काडीने, सगळी काढा, एक कण ठेवू नका. आतली दाबायची पट्टी गंजलीय का टॉर्च मारून बघा.

नवीन पिशवीचा नंबर कसा काढायचा, हे कोणी नीट सांगत नाही आणि म्हणून मी पहिल्यांदा चुकीची मागवली, विकणारा म्हणाला सगळ्यांना एकच बसते. नाही बसत. मानेच्या मागे जो बारीक नळीचा तोटा असतो, ज्यावर पिशवी चढते, त्याचा व्यास व्हर्नियरने मोजा. नंबर म्हणजे पिशवीचा बाहेरचा व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत. 16 नंबर म्हणजे पाव इंच, 6.35 मिमी. 18 नंबर म्हणजे 7.14 मिमी. तोट्याला बसेल ती, पण नळीत घालून बघायची, आत घासता कामा नये, घासली तर एक नंबर कमी. सायकलची वालट्यूब लावायचा जुगाड मला तिघांनी सुचवला, करून पण बघितला, ती नीट दबतच नाही, शाई थेंबभर घेते.

लांबी अशी कापा की नळीच्या तळापासून तीन-चार मिमी मोकळी राहील. तोट्याला लाखेचा पातळ हात, पिशवी चढवा, सरळ करा, आणि चोवीस तास हात लावू नका. दुसऱ्या दिवशी पिशवीला टाल्कम चोळा म्हणजे आत चिकटणार नाही, मान परत दाबा. इथे लाख लावायची असेल तर अगदी टिंबभर, बसते घट्ट तर नाही लावली तरी चालतं. मग दांडी पहिल्यांदा उचला. तो पेनमधून येणारा बुडबुड्यांचा आवाज, पाण्यात, काय सांगू.

निब

भिंगाखाली निब समोरून बघा. दोन पाकळ्या एका पातळीत पाहिजेत, एक वर एक खाली असेल तर कागद ओरबाडते. नखाने वरच्या पाकळीला हलकंसं दाबायचं, बघायचं, परत दाबायचं. फटीत कचरा असेल तर पितळी पत्र्याची शिम, म्हणजे कागदासारखी पातळ पट्टी, 0.05 मिमीची. ती नाही मिळाली तर गॅरेजवाल्याकडच्या फिलर गेजचं सगळ्यात पातळ पान, कोपरे आधी पॉलिश पेपरवर मोडून. आत-बाहेर दोनदा, बास.

निबवर 14के किंवा 585 लिहिलेलं असेल तर सोनं आहे, आणि आपल्याकडे सोनं म्हटलं की पाय आपोआप जळगावच्या सराफ बाजाराकडे वळतात. जा, वजन करून बघा हवं तर, पण टाका मारून घेऊ नका. सोनाराची ज्योत लागली की निबची स्प्रिंग जाते, आणि टोकावरचा तो बारीक मणी सोन्याचा नसतोच, ऑस्मियम, इरिडियम, रुथेनियम असल्या कडक धातूंचा असतो, वेल्ड केलेला. तो पडला तर निब गेली. स्टीलच्या निबला मात्र गंज लागलेला असेल तर जीव तोडू नका, बदला.

खरखर राहिली तर सगळ्यात बारीक मायक्रोमेश, म्हणजे पॉलिश पेपरसारखंच पण कितीतरी मऊ, 12000 नंबरचं, त्यावर थोडं पाणी आणि आठच्या आकाराचे पाच फेरे. मग लिहून बघा. परत पाच. पन्नास फेरे एकदम मारले की मणी सपाट होतो आणि तो परत गोल होत नाही. आजीने या वेळी पण बघितलं आणि म्हणाली, "मोडी टाकशी", पण नाही मोडली.

चमकवायचं मनावर घेऊ नका. क्लिपवरचा मुलामा इतका पातळ असतो की ब्रासोने एका रविवारी निघून जातो. मऊ सुती कपडा, जुनं बनियन सगळ्यात बेस्ट.

शाई आणि आपला उन्हाळा

पहिले दोन दिवस शाई नाही, पाणीच भरा, आणि निब वर करून ग्लासात टिश्यूवर उभं ठेवा. टिश्यू कोरडा राहिला तर पुढे. मग साधी कॅमल रॉयल ब्लू, कोणत्याही स्टेशनरीत मिळते आणि धुतली जाते. वॉटरप्रूफ ड्रॉइंगची काळी शाई चुकूनही नको, तिच्यात लाख असते, वाळली की निबखालची काळी जीभ कायमची बंद.

ड्रॉपरवालं पेन एप्रिल ते जून आपल्याकडे गळतं, आणि लोक म्हणतात जुनं आहे म्हणून गळतं. खरं कारण हवा. नळीत शाई कमी झाली की वर हवा जास्त, हाताच्या आणि उन्हाच्या उष्णतेने ती फुगते आणि शाईला निबमधून ढकलते. भुसावळ ते जळगाव एसटीत मी खिशात ठेवलं होतं, पाव नळी शाई, उतरताना शर्टावर पाच रुपयाच्या नाण्याएवढा डाग. म्हणून पाव भाग शाई उरली की परत भरून टाका, खिशात निब वर, आणि दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचं नाही.

शाई बदलताना, आणि तशीही महिन्यातून एकदा, पेन धुवा. पंधरा दिवस वापरणार नसाल तर रिकामं करून ठेवा, नाहीतर पुढच्या पिढीला परत ट्रंक उघडावी लागेल. आमच्याकडे तपकिरी पेन आईने घेतलंय, दुधाचा हिशेब त्यानेच लिहिते आणि टोपण लावायला हमखास विसरते, त्यामुळे दर रविवारी सकाळी ते पांढऱ्या कपात निब बुडवून ओट्याच्या कोपऱ्यात उभं असतं. गार पाण्यात.